शब्दचर्चा: ‘लाइन ऑफ बेस्ट फिट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न – शिक्षिका, आर्णी तालुका (यवतमाळ)

नमस्कार. मराठी माध्यमाच्या मुलांना स्कॅटर प्लॉट, म्हणजे दोन मोजमापांच्या जोड्या ठिपक्यांनी दाखवणारा आलेख, शिकवते आहे. एका ठिकाणी ‘विकीर्ण आलेख’ वाचला, दुसरीकडे ‘विखुरण आलेख’, तिसरीकडे ‘विकिरण आकृती’. नेमका कुठला धरायचा? त्याहून मोठी अडचण पुढच्या शब्दाची. ‘लाइन ऑफ बेस्ट फिट’, म्हणजे ठिपक्यांचा एकूण कल दाखवणारी एकच सरळ रेषा, हिला ‘सर्वोत्तम जुळणारी रेषा’ असं सांगितलं, तर निम्म्या वर्गाने एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढत नेली आणि नागमोडी आकृती दाखवली. शिवाय ‘स्लोप’ला, म्हणजे रेषेच्या तिरकेपणाला, चढ म्हणायचं की उतार? पुढच्या आठवड्यात हाच भाग पुन्हा घ्यायचा आहे, म्हणून विचारते.

प्रतिसाद – संख्याशास्त्राचा प्राध्यापक, अमरावती

ताई, मुलांनी शब्द ऐकला तसं केलं. ‘जुळणे’ म्हटलं की एकमेकांना टेकणं, सांधलं जाणं डोळ्यांपुढे येतं. ही रेषा एकाही ठिपक्यातून गेली नाही तरी ती बरोबर असू शकते. म्हणून मी वर्गात ‘बसवलेली रेषा’ म्हणतो, पूर्ण नाव हवं तिथे ‘सर्वांत चांगली बसणारी रेषा’. सदरा अंगाला बसतो, हिशेब बसतो, गाण्याला चाल बसवतात. मराठीत ‘बसणे’ला बेताबेताने सामावून घेण्याचा अर्थ आहे. ‘बसवलेली’ म्हणण्यात आणखी एक फायदा आहे. रेषा ठिपक्यांत आधीपासून दडलेली नसते. आपण एक नियम ठरवतो आणि त्या नियमाने ती बसवतो, हे त्या रूपातच येतं.

तो नियम मुलांना आकड्यांत दाखवा, नुसत्या शब्दाने ते पोचणार नाही. मी कपाशीचं उदाहरण घेतो. आकडे वर्गासाठी सोयीचे म्हणून रचलेले आहेत, पण तुमच्या मुलांना वावरात जाऊन स्वतःचे घेता येतील. एका झाडाची बोंडं मोजायची आणि त्याच झाडाचा कापूस काट्यावर तोलायचा. पाच झाडांवर बोंडं १०, २०, ३०, ४०, ५०. कापूस अनुक्रमे ४२, ७४, ११७, १५६ आणि २०१ ग्रॅम. आडव्या अक्षावर बोंडं, उभ्या अक्षावर ग्रॅम. पाच ठिपके पडले की डावीकडून उजवीकडे वर जाणारी रांग दिसते, पण ती तंतोतंत सरळ नसते.

आता मुलांच्या हाती दोरा द्या. पुष्कळ जण पहिला आणि शेवटचा ठिपका पकडून दोरा ताणतील. तसं केलं की मधले तिन्ही ठिपके दोऱ्याखाली राहतात. प्रत्येक ठिपक्यापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर उभ्या दिशेने मोजा, त्याचा वर्ग करा आणि सगळे वर्ग मिळवा. बेरीज जवळपास १०८ येते. आता दुसरी रेषा घ्या: बोंडांच्या संख्येला ४ ने गुणायचं आणि २ वजा करायचे. ही रेषा ३८, ७८, ११८, १५८, १९८ ग्रॅम सांगते. खऱ्या वजनांशी फरक येतो ४, −४, −१, −२ आणि ३. फरकांची बेरीज शून्य, त्यांच्या वर्गांची बेरीज ४६. याहून कमी बेरीज देणारी दुसरी सरळ रेषा या पाच ठिपक्यांना मिळत नाही. ‘बेस्ट’चा अर्थ एवढाच, आणि एकही ठिपका तिच्यावर नाही हे मुलांना मुद्दाम दाखवा. ती फक्त सरासरीच्या जागेतून, म्हणजे ३० बोंडं आणि ११८ ग्रॅम इथून जाते. हाताने रेषा काढणाऱ्याला हा बिंदू फार उपयोगी. आधी तो मांडायचा आणि मग पट्टी त्याच्याभोवती फिरवत बघायची.

वर्ग का करायचे, हा प्रश्न हुशार पोर विचारतंच. नुसते फरक मिळवले तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. सरासरीच्या बिंदूतून जाणारी कुठलीही रेषा घेतली, अगदी चुकीच्या दिशेची, तरी फरकांची बेरीज शून्यच येते. वर्ग केले की उणेपण जातं आणि मोठी चूक जास्त बोचते. या रीतीचं नाव ‘न्यूनतम वर्ग पद्धत’. फ्रान्सचे गणिती लजांद्र यांनी ती १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकात छापली. १८०९ साली जर्मन गणिती गाउस यांनी आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचं लिहिलं आणि दोघांत वाद झाला.

‘कलरेषा’ हा शब्दही चालतो. त्याने दिशा कळते, नियम कळत नाही. म्हणून अंदाजाने काढलेल्या रेघेला कलरेषा आणि वर्ग मोजून काढलेलीला बसवलेली रेषा, असा भेद मी पाळतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: ‘विखुरण आलेख’ घ्या. ‘विकिरण’ मात्र टाळा. विज्ञानाच्या तासाला प्रकाशाचं विकिरण येतं आणि मुलं गोंधळतात.

प्रतिसाद – कापूस उत्पादक, दर्यापूर

सर, मी शेतकरी माणूस, पण मघापासून सगळं वाचून राहिलो. ताई, ‘उतार’ म्हणू नका. आमच्याकडे उतार म्हटलं का वावरातलं पाणी कोण्या धुऱ्याकडे जाते ते आठवते. अन् ‘उतारा’ म्हणजे सातबारा, नाहीतर एकरी पीक. तसं पिकाला आम्ही झडतीच म्हणतो, ‘औंदा एकरी झडती किती आली?’ असं. पोरगं ‘उतार ४’ ऐकून काहीतरी भलतंच समजेल.

दुसरं, सर, तुमची पाच झाडं लय सरळ आहेत. आमच्या वावरात ४५ बोंडांचं झाड असते अन् कापूस निघते ६० ग्रॅम. बोंडअळीनं आतून खाल्लेलं असते. बोंडं मोजाले दिसतात, पण फोडलं का कवडी. अशा झाडाचं काय करता? काढून टाकता काय?

प्रतिसाद – प्राध्यापक, अमरावती

भाऊ, ‘उतार’बद्दल तुमचं अगदी पटलं. शालेय पुस्तकात रेषेचा ‘चढ’ आहेच, तोच ठेवावा. रेषा खाली जात असेल तर चढ ऋण. वरच्या उदाहरणात चढ ४, म्हणजे एक बोंड वाढलं की सरासरी ४ ग्रॅम कापूस वाढतो. चढाला नेहमी असं एकक लावून वाचायची सवय मुलांना लावा, नुसतं ‘४’ म्हणू देऊ नका.

तुमचं झाड मी आकड्यांत घालून पाहिलं. पाचाच्या जोडीला ४५ बोंडं आणि ६० ग्रॅम हा सहावा ठिपका आला की चढ ४ वरून साधारण २.७६ वर येतो. एका किडक्या झाडाने सगळी रेषा खाली ओढली. इंग्रजीत ‘आउटलायर’ म्हणतात त्याला ‘एकांडा ठिपका’ म्हणावं असं मला वाटतं. आणि तो काढून टाकायचा नाही. आधी त्या झाडापाशी जायचं. काटा चुकीचा वाचला असेल तर आकडा दुरुस्त करायचा. अळी असेल तर ती या वावराची खरी माहिती आहे. मग निरोगी झाडांची रेषा वेगळी, किडक्या झाडांची वेगळी, आणि दोन्ही लिहून ठेवायच्या. रेषा देखणी दिसावी म्हणून गुपचूप ठिपका खोडणं, याच्याइतकी वाईट सवय संख्याशास्त्रात दुसरी नाही.

प्रतिसाद – भाषेची अभ्यासक, वर्धा

अशी रेषा बसवण्याच्या रीतीला इंग्रजीत ‘रिग्रेशन’ म्हणतात, त्या शब्दाबद्दल कोणीच बोललं नाही. मराठीत ‘समाश्रयण’ आणि ‘प्रतिगमन’ असे दोन शब्द दिसतात आणि दोघांचं मूळ वेगळं आहे. ‘प्रतिगमन’ म्हणजे माघारी जाणं, हा इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ. १८८६ साली इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी २०५ आईबापांच्या जोड्या आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंच्या मांडल्या. फार उंच आईबापांची मुलं उंचच होती, पण सरासरीने आईबापांइतकी नाही. ती मधल्या उंचीकडे सरकलेली होती. ठेंगण्यांचंही उलट बाजूने तसंच. त्या माघारी सरकण्याला त्यांनी ‘रिग्रेशन’ म्हटलं आणि पुढे ते नाव रेषेलाच चिकटलं. कापसाच्या उदाहरणात माघारी काही जात नाही, तिथे ‘प्रतिगमन’ ऐकून मुलं अडतील. ‘समाश्रयण’मध्ये ‘आश्रय’ आहे: कापसाचं वजन बोंडांच्या संख्येवर अवलंबून धरलं आहे. शाळेत दोन्ही नकोत, बारावीनंतर ‘समाश्रयण’ यावा.

प्रश्नकर्ती शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘विखुरण आलेख’, ‘बसवलेली रेषा’, ‘चढ’, ‘एकांडा ठिपका’ हे चार शब्द पक्के करते. वेचणीच्या वेळी मुलांना शेजारच्या वावरात नेऊन मोजणी करून घेईन. एक शंका राहिली. या रेषेत शून्य बोंडांना उणे २ ग्रॅम कापूस येतो. मुलांना काय सांगू?

प्रतिसाद – प्राध्यापक, अमरावती

सांगा की आपण १० ते ५० बोंडांची झाडं पाहिली. या टप्प्याच्या आतला अंदाज, समजा ३५ बोंडांना १३८ ग्रॅम, याला ‘अंतर्वेशन’ म्हणतात आणि तो वापरायला हरकत नाही. टप्प्याबाहेर जाणं म्हणजे ‘बहिर्वेशन’. शून्य बोंडं बाहेर पडतात, १०० बोंडंही बाहेर पडतात. म्हणून रेषा कागदाच्या कडेपर्यंत लांबवू देऊ नका; पहिल्या ठिपक्यापाशी सुरू करून शेवटच्या ठिपक्यापाशी थांबवायला लावा.