पाइपलाइन सांभाळणाऱ्याचं श्रेय अर्जात दिसायला हवं असेल तर काय करावं?

शततारका:

नमस्कार मंडळी. खगोलशास्त्रात माझी दुसरी पोस्टडॉक चालू आहे. एका मोठ्या आकाश-सर्वेक्षणाची डेटा पाइपलाइन मी सांभाळते. कॅमेऱ्यातून येणारी कच्ची प्रतिमा तशीच्या तशी कुणाच्याच कामाची नसते. त्यात मेलेले पिक्सेल असतात, कॉस्मिक किरणांचे ओरखडे असतात, उपग्रहांच्या लांबलचक रेघा असतात. बायस (कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची मूळ पातळी) काढायचा, फ्लॅटने (सारख्या उजेडात घेतलेल्या प्रतिमेने) भागायचं, आकाशाचा उजेड वजा करायचा, ताऱ्यांच्या जागा गाया उपग्रहाच्या तारासूचीशी जुळवायच्या, तेव्हा कुठे तिच्यावरून काही मोजता येतं. हे आपोआप करणारा कोड बराचसा माझा आहे.

गेल्या वर्षातला बहुतेक वेळ एकाच गोष्टीत गेला. सीसीडीत, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, तेजस्वी तारे मंद ताऱ्यांपेक्षा किंचित जाड दिसतात. पिक्सेलमध्ये आधी साठलेले इलेक्ट्रॉन मागून येणाऱ्यांना शेजारच्या पिक्सेलकडे ढकलतात, म्हणून हे होतं. फरक जेमतेम टक्काभर असतो. पण दीर्घिकांच्या आकारातली बारीकशी ओढ मोजून कृष्णद्रव्याचा अंदाज बांधायचा असेल तर तेवढ्याने निकाल बिघडतो. ती दुरुस्ती बसवली, तिच्यावर बेतलेला पेपर आला, आणि माझं नाव शेवटी आभारात आलं. नंतर एका फेलोशिपचा अर्ज नाकारला गेला. शेरा होता, 'स्वतंत्र संशोधन कमी दिसते.'

पुढच्या वर्षी कंत्राट संपतंय. कोड बाजूला ठेवून वर्षभर फक्त स्वतःचे पेपर लिहावेत का? तसं केलं तर येणारा डेटा कोण साफ करणार, याची मला मनापासून काळजी वाटते. की हेच काम मोजलं जाईल असा काही मार्ग आहे? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

निशाचर:

पेपर आधी. हे कठोर वाटेल, पण कंत्राट संपल्यावर कोडही तुमच्या हातात राहणार नाही.

आणि एक नकार आला म्हणून अर्ज करणं थांबवू नका. नेदरलँड्समध्ये तरुण संशोधकांच्या अनुदानावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडीच्या रेषेच्या किंचित वर असलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत, किंचित खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला होता. गुण जवळपास सारखेच. या दरीचं एक कारण असं निघालं की हुकलेले लोक पुढे अर्जच कमी करतात. पुढची फेरी चुकवू नका.

उपकरणकार:

शततारका ताई, माझं मत थोडं वेगळं आहे. कोड सोडू नका, पण आभाराच्या ओळीवर समाधानही मानू नका. मी दुर्बिणींची उपकरणं बांधणाऱ्या गटांत काम करत आलो, अनुदान समित्यांवरही बसलो. पडद्यामागच्या माणसाला केवळ सहकाऱ्यांच्या चांगुलपणामुळे श्रेय मिळालेलं मी फार क्वचित पाहिलं. ते मिळवून देतो लेखी नियम, आणि तोही निकाल हाती यायच्या आधी ठरलेला.

तुमच्या सर्वेक्षणाचं लेखकत्वाचं धोरण शोधून वाचा. डार्क एनर्जी सर्व्हेमध्ये 'बिल्डर' असा दर्जा आहे. पायाभूत कामाला सुमारे दोन वर्षांच्या पूर्णवेळ कामाइतका वेळ दिला की पेपरच्या लेखक-यादीत यायचा हक्क मिळतो. स्लोन सर्वेक्षणातही अशी सोय आहे. तुमच्याकडे असं कलम असेल तर ताबडतोब अर्ज करा. नसेल तर मागा.

नियम नसला की काय होतं ते हार्वर्ड वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेविट यांच्या १९१२ च्या पत्रकात दिसतं. लघु मॅजेलनिक मेघातल्या २५ ताऱ्यांचा तेज कमीजास्त होण्याचा काल आणि तेजस्विता यांचं नातं त्यात आलेखावर मांडलंय. सही आहे वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांची. पहिल्या वाक्यात एवढंच म्हटलंय की हे निवेदन मिस लेविट यांनी तयार केलं. याच नात्याच्या आधारावर पुढे हबलने अँड्रोमेडा दीर्घिकेचं अंतर काढलं. स्वीडनचे गणिती मिटाग-लेफ्लर यांनी लेविट यांचं नाव नोबेलसाठी सुचवावं म्हणून १९२५ मध्ये त्यांनाच पत्र लिहिलं, तेव्हा लेविट यांना जाऊन तीन वर्षं उलटून गेली होती.

नियम असला तर काय होतं, तेही बघा. गुरुत्वीय लहरींच्या शोधाला २०१६ मध्ये विशेष ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, ३० लाख डॉलरचं. त्यातले १० लाख तिघा संस्थापकांना आणि उरलेले २० लाख १,०१२ जणांना सारखे वाटले गेले. आरसे टांगणारे, कोड लिहिणारे, सगळे त्यात आले. पुढच्याच वर्षी त्याच शोधाला नोबेल मिळालं ते तिघांना, कारण ते तिघांपेक्षा जास्त जणांत वाटता येत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. तारे जाड दिसण्याची ती दुरुस्ती म्हणजे नुसता कोड नव्हे, ते डिटेक्टरचं भौतिकशास्त्र आहे. त्याचा वेगळा पेपर तुमच्या नावाने आधी लिहा. स्वतंत्र संशोधन हेच. पाइपलाइनचा दुसरा पेपर करा. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर २०१६ पासून असेच पेपर छापतं, अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची जर्नल्सही घेतात. प्रत्येक आवृत्ती झेनोडो या खुल्या संग्रहात टाकून डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, घ्या आणि अ‍ॅस्ट्रोफिजिक्स सोर्स कोड लायब्ररीत नोंद करा, म्हणजे एडीएस या खगोलशास्त्राच्या पेपर-सूचीत उद्धरणं सापडतात. वापरणाऱ्यांनी नेमकं काय उद्धृत करायचं ते कोडसोबतच्या रीडमी फाइलच्या अगदी वर लिहा. बरेच लोक उद्धृत करत नाहीत ते काय लिहायचं हे माहीत नसतं म्हणून.

समितीच्या खोलीतलं सांगायचं तर, प्रत्येकासमोर अर्जांचा गठ्ठा असतो आणि नजर आधी प्रकाशनांच्या यादीवर जाते. 'पाइपलाइनचा विकास व देखभाल' एवढंच लिहिलं तर वाचणारा पुढे सरकतो. त्याऐवजी, 'या दुरुस्तीशिवाय सर्वेक्षणाचं आकारमापन विश्वासार्ह ठरलं नसतं, आणि हे हे पेपर तिच्यावर उभे आहेत' असं लिहा आणि पेपरची नावं द्या. शिफारसपत्र देणाऱ्यालाही हेच मुद्दे लिहून पाठवा. तुम्ही काय केलं ते त्यांना ठाऊक असतं, पण पत्र लिहिताना आठवेलच असं नाही.

मंजिरी:

उपकरणकार सरांशी सहमत, पण नाव छापून आलं तरी पगाराचं काय? अनुदान नवं काही बांधायला मिळतं, बांधलेलं चालू ठेवायला मिळत नाही. अ‍ॅस्ट्रोपाय हे खगोलशास्त्राचं खुलं सॉफ्टवेअर आज निम्म्याहून जास्त खगोलशास्त्रज्ञ वापरत असतील. २०१६ मध्ये काही संशोधकांनी पेपर लिहून स्पष्ट मांडलं की पाच वर्षं हा प्रकल्प जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांच्या जिवावर, निधीविना चाललाय आणि काम करणाऱ्यांना औपचारिक श्रेयही मिळत नाही. ते वाचलं तेव्हा मी पाइपलाइनवरच होते. फार जिव्हारी लागलं.

मी नंतर रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअरचं पद घेतलं. हे नाव २०१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये रुजलं, आता बऱ्याच विद्यापीठांत असे गट आहेत. दर दोन वर्षांनी बस्तान हलवणं संपलं, कामाला किंमत आली. पण माझ्या स्वतःच्या प्रश्नांसाठी वेळ उरत नाही, याचं वाईट अजून वाटतं. शततारका, असं पद बघणार असशील तर स्वतःच्या संशोधनाला किती वेळ मिळेल ते नेमणूकपत्रात लिहून घे. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

शततारका:

सगळ्यांचे मनापासून आभार. धोरण काढून वाचलं. बिल्डरसारखं कलम आमच्याकडे नाही. दुरुस्तीच्या पेपरचा आराखडा मात्र आज सुरू केला. एक शंका: पाइपलाइनच्या पेपरवर लेखक कोण कोण घ्यायचे? काहींनी मोजक्याच ओळी लिहिल्यात, पण त्यांनी दाखवलेल्या चुकांमुळेच कोड सुधारला.

उपकरणकार:

त्यांना घ्या. कुणी किती ओळी लिहिल्या यावरून ठरवू नका. ज्याने कॅलिब्रेशनच्या दिव्याच्या प्रतिमांत गडबड पकडली त्याचं काम कोडच्या इतिहासात दिसतच नाही. पेपरसाठी कुणी काय केलं ते सांगायला क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी आहे. तीत सॉफ्टवेअर, डेटा क्युरेशन, पडताळणी या वेगवेगळ्या भूमिका आहेत. प्रत्येकाला आपापली भूमिका स्वतः लिहायला सांगा आणि पेपर पाठवायच्या आधी यादी सगळ्यांना दाखवा.

बिल्डरच्या कलमाचा प्रस्ताव एकटीच्या नावाने देऊ नका, नाहीतर ती वैयक्तिक तक्रार म्हणून वाचली जाईल. कॅमेरा, कॅलिब्रेशन आणि डेटाबेस सांभाळणाऱ्यांपैकी दोघातिघांना सोबत घ्या. सोबत डार्क एनर्जी सर्व्हेचं कलम जोडा, आणि पुढचा डेटा खुला होण्याआधीच्या बैठकीत तो मांडा. मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून सुचवेन.