जिल्ह्याचं मुख्यालय गणितानं ठरवावं का?

वैतरणाकाठ:
१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. मुख्यालय जव्हारला की पालघरला, यावर बराच वाद झाला आणि पालघर ठरलं. माझं मत, असे निर्णय गणितानं घ्यावेत. गावांची लोकसंख्या आणि रस्त्यांची अंतरं दिली, की सगळ्यांचा मिळून प्रवास कमीत कमी होईल अशी जागा संगणक काढून देतो. अशा जागा-निवडीच्या गणितावर काम करणारे संशोधक हकीमी यांनी १९६४ मध्ये सिद्धच केलंय की अशी जागा रस्त्यांच्या जाळ्यातल्या एखाद्या गावात किंवा नाक्यावर सापडतेच, मधला माळ धुंडाळावा लागत नाही.

मोखाडेकर:
‘सगळ्यांचा मिळून’ इथंच आमचा घात होतो. २०११च्या जनगणनेत या आठ तालुक्यांत सुमारे ३० लाख लोक. त्यातले १३ लाखांवर एकट्या वसईत, मोखाड्यात लाखभरही नाहीत. तुमचं उत्तर रेल्वेच्या रुळांकडेच सरकणार. वसईकराला लोकल आहे, त्याचं बरंचसं काम महापालिकेत भागतं. आमचे वनहक्काचे दावे मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातात. एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. एसटी चुकली तर मुक्काम.

वैतरणाकाठ:
हे पटलं. मग डोकी नको, खेपा मोजू. आवक नोंदवहीतून अर्जदारांची गावं काढता येतील. किंवा उद्दिष्टच बदलू: सर्वांत लांबच्या गावाचं अंतर कमीत कमी. मग जागा वसईची ओढ सोडून विक्रमगडच्या आसपास येईल, असं नकाशा पाहून वाटतं.

डहाणूकरीण:
नोंदवहीत पोचलेलेच दिसतात हो. भाड्याला पैसे नाहीत म्हणून जी बाई घरातून निघालीच नाही, तिची खेप कुठे लिहिली? लांबचे कमी येतात, म्हणून त्यांचं वजन कमी, म्हणून कार्यालय आणखी लांब. आणि एकाच इमारतीचा हट्ट का? तासाभरात प्रत्येकाला पोचता यावं, तर किती केंद्रं लागतील, हे विचारा त्या संगणकाला.

वैतरणाकाठ:
तेही गणितच आहे, आणि मला ते जास्त आवडेल. पण वजनं आणि निकष निर्णयाआधी जाहीर झाले, तरच तुम्ही आत्ता दाखवलीत तशी चूक कुणाला दाखवता येईल. बंद खोलीतल्या निर्णयात ती सोय नाही.

मोखाडेकर:
जाहीर करा, ग्रामसभेत वाचून दाखवा. अंतर किलोमीटरात नको. सकाळची पहिली एसटी आणि परतीची शेवटची, या दोन वेळा धरा. मी तरीही जव्हारच म्हणेन.