दिवाळीचे वाटप : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी नेमके काय करावे आणि केव्हा?

औसा_नाका (प्रश्न)

नमस्कार. लातूरच्या एका शाळेतून १९९८ साली दहावी झालेले आम्ही २२ वर्गमित्र दरवर्षी दिवाळीला प्रत्येकी १,५०० रुपये काढतो आणि त्या ३३,००० रुपयांतून गरजू मुलांसाठी काहीतरी करतो. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातल्या एका तांड्यावर (बंजारा वस्तीवर) जायचे ठरले. तिथली बहुतेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. आम्ही फराळाचे ६० डबे आणि मुलामुलींचे कपडे घेतले, फलक छापून घेतला आणि धनत्रयोदशीला सकाळी दोन गाड्या करून निघालो.

पोहोचलो तेव्हा शाळेला सुट्टी लागून कुलूप होते. निम्म्याहून अधिक घरेही बंद होती. पोरे आईबापांबरोबर आठ दिवसांपूर्वीच ट्रॅक्टरवर बसून गेली, असे एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले. मारुतीच्या पारावर ११ मुले जमली. उरलेले डबे परतीच्या वाटेवर जो दिसेल त्याला देत आलो. कपडे दुकानदाराच्या अंदाजाने आठ वर्षांच्या मापाचे घेतले होते. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने तिच्या वाट्याचा फ्रॉक खांद्यांना लावून पाहिला, घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवला आणि फोटोसाठी मुकाट्याने रांगेत उभी राहिली. तो फोटो आमच्या गटावर आला, त्याला भरभरून दादही मिळाली. पण त्या मुलीच्या हातातली ती घडी मला वर्षभर डोळ्यांसमोरून हलवता आलेली नाही.

गटातील काहींचे म्हणणे असे, की यंदा सरळ एखाद्या संस्थेला धनादेश द्यावा आणि मोकळे व्हावे. मला मात्र स्वतः जाऊन देण्यातला आनंद सोडवत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. तो आनंद आमच्यापुरताच न राहता मुलांपर्यंतही पोहोचावा, यासाठी काय करता येईल? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.

---

धारूरचे_गुरुजी

आपण झालेली चूक झाकून न ठेवता लिहिलीत, हे बरे केलेत. तीच चूक दरवर्षी अनेक मंडळी करतात, कारण दिवाळीचे पंचांग आणि ऊसतोडीचे पंचांग एक नाही. गळीत हंगाम ज्या तारखेला सुरू व्हायचा ठरेल, त्या बेताने मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा) गाड्या पाठवतो. त्यामुळे दसरा झाला की गावे रिकामी व्हायला लागतात. काही वर्षी लक्ष्मीपूजन गावात होते, काही वर्षी ते पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर (ऊसतोडीच्या रानात), पाचटाच्या कोपीसमोर (खोपटासमोर) होते. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, ही कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आई मुलांसाठी मागे राहिली तर तो अर्धा कोयता ठरतो आणि उचलही त्याच मानाने कमी होते. म्हणून ‘आईने तरी थांबायला हवे होते’ असे जे पाहुणे सहज म्हणून जातात, त्यांनी निदान मुलांसमोर तरी ते म्हणू नये.

मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ असतात आणि त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालते. सुमारे सहा महिने त्यांचे जेवणखाण तिथे होते. आमच्याकडची बरीच मुले रात्री झोपायला मात्र आजीकडेच जातात. सुट्टीतले दिवस सोडून, शाळा पुन्हा भरल्यावर आठवडाभराने आपण आलात, तर कोण गेले आणि कोण राहिले याची पक्की यादी मुख्याध्यापकांकडे तयार असते. तोवर थंडीही पडू लागलेली असते. आमच्या डोंगरावरच्या वाऱ्यात डिसेंबरात अंगावर एका शर्टानिशी येणारी मुले पाहिली, की मला फराळापेक्षा स्वेटर आणि बंद बूट अधिक महत्त्वाचे वाटतात. मापाचे म्हणाल तर आम्ही एक साधी युक्ती करतो. प्रत्येक मुलाला वहीच्या कागदावर उभे करून पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारून घेतो, त्यावर नाव लिहितो आणि तो गठ्ठा दुकानदाराकडे देतो. ज्या दिवशी ही पावले काढतो त्या दिवशी वर्गात जेवढा हशा पिकतो, तेवढा बूट येतात त्या दिवशीही पिकत नाही.

आणखी एक गोष्ट अशी आहे, की ती कोणाच्याच यादीत नसते. ऊस भरायला गाडी कधी येईल याचा नेम नसल्यामुळे आईबापांचा फोन रात्री-अपरात्री येतो, आणि आजीच्या फोनमध्ये पैसे नसले तर तो फोन राहूनच जातो. गेली काही वर्षे आम्ही शिक्षक मिळून २० घरांच्या फोनचे हंगामभराचे रिचार्ज भरतो. त्याचा फोटो निघत नाही.

तांड्यावर दिवाळीच्या रात्री मुली हातात दिवे घेऊन आधी नायकाच्या (तांड्याच्या प्रमुखाच्या) आणि मग घरोघरच्या दारी ‘मेरा’ म्हणायला जातात, हे आपणांस ठाऊक असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना याडी (आई), बापू म्हणून हाक घालत त्या शुभेच्छा देतात. मी तांड्यावरच्या शाळेत होतो तेव्हा पाहिले, की कुलूप लागलेल्या दारासमोरही त्या थांबतात, मेरा म्हणतात आणि मग पुढच्या दाराकडे वळतात.

---

फडावरचा_विद्यार्थी

गुरुजींशी मी सहमत आहे, तरीही लाडवाला नावे ठेवू नयेत एवढे सांगण्यासाठी लिहितो. मी ज्यांच्याविषयी येथे चर्चा चालली आहे त्यांतलाच एक आहे. सातवीपर्यंत दर हंगामाला आईबापांबरोबर फडावर गेलो, पुढे आजीजवळ राहून शिकलो आणि आज शासकीय नोकरीत आहे.

आठवीत असताना एका मंडळाने आम्हाला फराळ दिला, तेव्हा पुडा हातात पडण्याआधी तीन वेळा रांग मोडून पुन्हा लावली, कारण पाहुण्यांचे तोंड उन्हात येत होते. पुढे शहरातल्या महाविद्यालयात गेल्यावर एका वर्गमित्राला तोच फोटो कुठूनतरी सापडला. त्याने चेष्टा केली नाही, उलट तो फार चांगले वागला. पण त्यानंतर त्याने मला कँटीनमध्ये चहाचे पैसे कधीच देऊ दिले नाहीत. फोटोचा खर्च असा फार उशिरा आणि फार बारीक हप्त्यांत वसूल होतो.

त्याच वर्षीची दुसरी आठवण अगदी निराळी आहे. आमच्या सरांच्या पत्नींनी आम्हा चार मुलांना वसुबारसेच्या दिवशी घरी बोलावले. तयार फराळ समोर न ठेवता त्यांनी माझ्या हातात सोऱ्या दिला आणि चकल्या पाड म्हणाल्या. पहिल्या सहा-सात मोडल्या, मग एक नीट वेढ्यावर वेढा बसत गेली. कढईत पडल्यावर ती फुटली नाही, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘ही तुझी, हिला कोणी हात लावायचा नाही.’ मोडलेल्या चकल्या आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या आणि ती एक मी रुमालात बांधून आजीला नेली. पुड्यातला लाडूही गोडच होता, पण तो कोणी केला हे मला आजवर माहीत नाही.

तेव्हा फराळ द्याच. शक्य असेल तर मुलांच्या हातून करवून घ्या.

---

हिशेबनीस_नांदेड

मी लेखापाल आहे, त्यामुळे रुक्ष गोष्टींचा भार माझ्याकडे.

धनादेश देणार असाल तर संस्थेची नोंदणी पाहून घ्या. मुलांना निवासी ठेवणाऱ्या बालगृहांची बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी असावी लागते आणि त्याचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते. ज्याला आपण सर्वजण ८०-जी म्हणून ओळखतो ती देणगीवरची करसवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिली तर मिळत नाही, आणि कपडे, धान्य, फराळ अशा वस्तुरूप देणगीवर तर मुळीच मिळत नाही. गेल्या वर्षीच्या डब्यांची पावती जपून ठेवली असेल तर तिचा उपयोग नाही.

फोटोबाबत भावनेचा भाग वर आलाच आहे; कायद्याचा भाग असा, की काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असा मजकूर किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास याच अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. त्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘गट आमचाच आहे’ हा बचाव मला तरी टिकाऊ वाटत नाही. फलकाचे पैसे वाचवा.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते सांगतो. मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात अशी घरे आहेत, जिथे वडील गेले आहेत, कित्येकदा कर्जापायी जीव देऊन, आणि आई एकटी मुलांना वाढवते आहे. अशा मुलांसाठी शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे आणि २०२३ पासून तिच्यात प्रत्येक बालकामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. वर्षाचे २७,००० रुपये झाले; म्हणजे आपणा २२ जणांच्या पूर्ण वर्गणीच्या जवळपास रक्कम एकाच मुलाला, दरवर्षी. तरीही अनेक घरांनी अर्ज केलेला नसतो, कारण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला आणि बँकेचे खाते ही कागदपत्रे गोळा करायची तर तालुक्याला चार-पाच खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला त्या माउलीची एक दिवसाची रोजंदारी बुडते. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे जातो आणि बाल कल्याण समिती मंजुरी देते. आपल्या गटात कोणी वकील, कोणी सेतू केंद्र चालवणारे, कोणी तहसिलात नोकरीला असतीलच. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एखाद्या शनिवारी त्यांनी तांड्यावर टेबल मांडून बसावे, अशी माझी सूचना आहे.

---

निलंग्याची_सून

सर्वांचे वाचून झाल्यावर राहवले नाही. लातूरचे लोक दिवाळीवरच का अडून बसले आहेत? आपल्याला येळवस आहे ना!

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते : मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे डिसेंबरात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्या होते. त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजारपेठ ओस पडते आणि ज्याला शेत आहे तो शेतात आणि ज्याला नाही तो कोणाच्या तरी शेतात जेवायला असतो. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते, आंबिलीचे मडके डोक्यावर येते, भज्जी (अनेक भाज्यांची मिसळ भाजी), उंडे, खीर सगळे काळ्या मातीवर पंगत मांडून खायचे. येळवशीला बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. न जेवता गेला तर आपलाच कमीपणा. त्यामुळे त्या दिवशी जेवायला येणारा मुलगा ‘गरजू’ नसतो, तो पाहुणा असतो. वाढणाराही उपकार करत नसतो.

आम्ही तीन वर्षांपूर्वी शेताजवळच्या शाळेतल्या, आईबाप हंगामाला गेलेल्या १७ मुलांना आजी-आजोबांसकट बोलावले. वाटपाचे काहीच नव्हते. पोरांनी हरभरा उपटून खाल्ला, बोरी झोडपल्या, एकजण विहिरीकडे धावला म्हणून मी ओरडले (विहिरीवर एक मोठे माणूस बसवून ठेवाच, हे विसरू नका). एका आजीबाईंनी आमची भज्जी चाखून तोंड वाकडे केले आणि पुढच्या वर्षी चुका (आंबट पालेभाजी) जास्त घाला असे सांगितले. पुढच्या वर्षी भज्जी त्यांनीच केली. आता दर वर्षी त्याच करतात, आणि माझ्या सासूबाईंना ते फारसे रुचत नाही, हेही खरे.

---

औसा_नाका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री गटावर हा सगळा मजकूर टाकला आणि दीड वाजेपर्यंत वाद चालला. फलक नको यावर दोघे नाराज आहेत. ते येतील.

ठरले ते असे : यंदा दिवाळीत आम्ही तांड्यावर जाणार नाही. शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मुख्याध्यापकांना भेटून स्वेटर आणि बुटांसाठी मापे घ्यायची. त्याच दिवशी आमच्यातला वकील आणि सेतू केंद्रवाला बालसंगोपनाच्या अर्जांसाठी बसतील. वर्गणीतून आधी फोनचे रिचार्ज, मग बूट, मग स्वेटर. पैसे कमी पडले तर आम्ही आणखी काढू. येळवशीला औशाजवळच्या माझ्या भावाच्या शेतात मुले आणि आजी-आजोबा मिळून ४० जण येतील. मुलांना गावाबाहेर न्यायचे असल्याने शाळेचे आणि घरच्यांचे लेखी संमतिपत्र घेऊ, आणि वाहनात शिक्षकांपैकी एकजण असेल.

निलंग्याच्या ताई, एक विचारायचे राहिले. ४० माणसांना आंबील किती लागेल? घरी आम्ही दहा-बारा जणांपुरतीच करतो.

---

निलंग्याची_सून

ज्वारीचे पीठ तीन किलो धरा आणि ताक सढळ हाताने घ्या. आदल्या रात्रीच लावून ठेवा, सकाळी केलेल्या आंबिलीला आंबटपणा येत नाही. लसूण, जिरे आणि हिरवी मिरची सकाळी वाटून घाला. मडके मातीचेच घ्या, स्टीलच्या पिंपात नको. आणि त्या तांड्यावरच्या एखाद्या आजीला आदल्या दिवशीच आणता आले तर माझ्या प्रमाणावर विसंबू नका, तिला विचारा.