ठोक्यांचा स्वर होताना मध्येच सप्तक का उतरते?

प्रश्न : लष्करवासी (ग्वाल्हेर)

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात तबला शिकवतो. दुगुन, चौगुन, अठगुन (दुप्पट, चौपट, आठपट) अशी लय चढवत नेली की शेवटी ठोके सुटे ऐकू न येता त्यांचाच स्वर होतो, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष ऐकवावे म्हणून मी संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. सेकंदाला १ ठोका येथून सुरुवात होते, दर ५ सेकंदांनी लय दुप्पट होते आणि ४० सेकंदांत ती २५६ ठोक्यांवर, म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या पांढरी एक या पट्टीच्या किंचित खाली, पोहोचते. ध्वनीची लहर शून्यरेषेच्या एकाच बाजूला कलू नये म्हणून एक ठोका धन (रेषेच्या वर) आणि पुढचा ऋण (रेषेच्या खाली) असे मी आलटून पालटून ठेवले आहेत. अडचण अशी, की शंभराच्या पुढे कुठेतरी चढता स्वर डळमळू लागतो आणि अखेरीस हार्मोनियमशी ताडून पाहिल्यास अपेक्षेपेक्षा पूर्ण एक सप्तक खाली बसतो. शिवाय शेवटी आवाज फार मोठा होतो. चूक कोठे असावी?

उत्तर : मात्रागणक (इंदूर)

आपला लयीचा हिशेब बरोबर आहे. घोटाळा धन-ऋण ठोक्यांमुळे होत आहे. या मांडणीत लहर पुन्हा पहिल्यासारखी होण्यास दोन ठोके लागतात, त्यामुळे सेकंदाला २५६ ठोके पडले तरी लहरीची आवर्तने १२८ च होतात. मग सुरुवातीपासूनच सप्तक खाली का वाटत नाही, हा खरा कुतूहलाचा भाग आहे. फ्लॅनगन आणि गटमन या संशोधकांनी १९६० मध्ये अशाच ठोक्यांवर प्रयोग केले, तेव्हा सेकंदाला सुमारे १०० ठोक्यांपर्यंत श्रोत्यांनी स्वराची उंची नुसत्या ठोक्यांच्या संख्येवरून ठरवली, धन-ऋणाचा भेद त्यात आला नाही. २०० च्या पुढे मात्र त्यांनी ती आवर्तनांवरून ठरवली. आपल्या ४० सेकंदांत कान एका रीतीवरून दुसरीवर जातो आणि मधल्या पट्ट्यात स्वर डळमळतो. सर्व ठोके एकाच चिन्हाचे ठेवा आणि कल घालवण्यासाठी शेवटी १० हर्ट्झच्या आसपासचा हाय-पास फिल्टर (त्याखालची कंपने अडवणारी गाळणी) लावा.

आवाजाचे कारण सोपे आहे. ठोक्याची उंची तीच ठेवून संख्या दुप्पट केली की ध्वनीची शक्तीही दुप्पट होते, म्हणजे प्रत्येक दुगुनीला ३ डेसिबल आणि आठ दुगुनींत २४. ठोक्याच्या उंचीला त्या क्षणीच्या संख्येच्या वर्गमुळाने भागल्यास २५६ ठोक्यांवर ती सोळाव्या हिश्शावर येते आणि शक्ती सारखी राहते.

उत्तर : संगीतप्रेमी (वडोदरा)

ठोका नेमका कुठे पडतो, हेही तपासावे. संगणक ध्वनी सुट्या आकड्यांत, म्हणजे नमुन्यांत, मांडतो; सेकंदाला असे ४४१०० नमुने असतील, तर प्रत्येक नमुन्याला एका बेरजेत लय भागिले ४४१०० इतकी भर घालत जावी आणि बेरीज १ झाली की ठोका देऊन तीतून १ वजा करावा. येथे बेरीज शून्यावर आणली तर उरलेला अंश वाया जातो : २५६ ठोक्यांसाठी सुमारे १७२.२७ नमुन्यांचे अंतर हवे असताना ते प्रत्येक वेळी १७३ होते आणि स्वर २५४.९ हर्ट्झवर उतरतो.

माझी आणखी एक आग्रहाची सूचना आहे. १६ ते ६४ ठोक्यांच्या दोन सप्तकांना प्रत्येकी ५ ऐवजी १२ सेकंद द्यावेत. विसाच्या आसपास ठोके मोजता येत नाहीत आणि स्वरही ठरत नाही, केवळ घरघर ऐकू येते. गाता येईल असा स्वर तिशीच्या पुढे उमटू लागतो. विद्यार्थ्यांना ऐकवायचे ते मुख्यतः हेच आहे, आणि तेथून घाईने जाणे योग्य नाही.

प्रत्युत्तर : लष्करवासी (ग्वाल्हेर)

दोघांचेही मनापासून आभार. सर्व ठोके धन केल्यावर स्वर न डळमळता मधल्या पांढरी एकजवळ पोहोचला. त्यानंतर मी ठायीच्या, म्हणजे मूळ, लयीसोबत आडीचा, म्हणजे दीडपटीचा, दुसरा थर चालवला, तेव्हा चाळीस सेकंदांपूर्वी हाताने धरता येणारी ती आड २५६ आणि ३८४ वर षड्ज-पंचम होऊन उभी राहिली. कुआड सव्वापटीने धरून लावल्यावर शुद्ध गंधार मिळाला, आणि तो हार्मोनियमच्या गंधाराहून किंचित उतरलेला, तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तसा आहे. पावणेदोनपटीच्या बिआडीने जो निषाद येतो, तो हार्मोनियमच्या कोमल निषादाहूनही स्पष्ट खाली आहे. तो उद्या वर्गात गायकांकडून लावून घेणार आहे.