खर्डा आणि कोपर्डी: एका आठवड्यातले दोन निकाल

सीनाकाठ:
नोव्हेंबर २०१७. नगरच्या न्यायालयात २३ तारखेला खर्डा प्रकरणातले आरोपी निर्दोष सुटले आणि २९ तारखेला कोपर्डी प्रकरणातल्या तिघांना फाशीची शिक्षा झाली. जामखेड आणि कर्जत हे शेजारचे तालुके. खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला लटकवलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलला म्हणून, असा आरोप होता. साक्षीदार फितूर झाले. कोपर्डीतल्या मराठा मुलीवरच्या अत्याचार आणि खुनानंतर मात्र अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर आला. मीही चाललो त्या मूक मोर्चात, आणि ते योग्यच होतं. पण खर्ड्यासाठी मी घराबाहेर पडलो नव्हतो. मेलेल्याची जात बघूनच आपल्याला धक्का बसतो, असं आता वाटतं.

पेठेतली:
सगळं जातीवर नेऊ नका. १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालं, दहा बळी गेले. आई सांगते, दिवेलागणीलाच दारं बंद व्हायची, ओळखीच्या हाकेलाही कडी काढत नसत. खुनी घरात शिरत होते. उद्या आपली पाळी, असं वाटलं की माणूस हादरतो. ही भीती आहे, जात नव्हे.

निळी पहाट:
ताई, भीती आम्हालाही वाटली. खर्ड्यानंतर माझ्या आईने भावाला बजावलं, कॉलेजात कुठल्याही मुलीशी बोलायचं नाही. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत हेच झालं. ती भीती कुठे छापून आली? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित घरातले चौघे मारले गेले. राज्यभर आंदोलन पेटायला नोव्हेंबर उजाडला, आणि तेही आमच्याच लोकांनी पेटवलं.

नगरी वकील:
मोर्चा आणि निकाल यांची सांगड घालू नका. कोपर्डीत पुरावा टिकला, खर्ड्यात टिकला नाही. गर्दी मोजून शिक्षा व्हायला लागली तर ज्यांच्यामागे गर्दी नाही, तेच आधी भरडले जातील. त्या मुलीचं दुःख तराजूत घालणंही मला पटत नाही.

सीनाकाठ:
तिचं दुःख मी कमी लेखत नाही. न्यायाधीशांवरही माझा रोख नाही. पण साक्षीदाराला त्याच गावात राहायचं असतं. मजुरी तिथलीच, किराणा तिथलाच, पाणीही तिथलंच. त्याच्या घरी जाऊन ‘घाबरू नकोस’ म्हणणारी माझ्या जातीतली दहा माणसं हवी होती. त्यात मी नव्हतो.