सी विंगमधली खोकी (आमच्या सोसायटीचा ग्रुप, कोथरूड)

सेक्रेटरी: सी विंगच्या कचऱ्यात काल परत पिझ्झाची खोकी, नूडल्सची पाकिटं, ओला-सुका एकत्र. शिवाय रात्री एकला डिलिव्हरीवाले. वॉचमन वैतागलाय. ज्यांनी फ्लॅट विद्यार्थ्यांना दिलेत त्यांनी समज द्यावी.

बी-१०२ आजोबा: आमच्या वेळी मेसवाला वाढेल ते मुकाट्याने खायचो. आता पोरांचे चोचलेच फार.

सी-३०१ (विद्यार्थिनी): आजोबा, चोचले नाहीत हो. सकाळी साडेसातचं लेक्चर, तेव्हा मेस उघडलेली नसते. चहा आणि क्रीमरोल. दुपारी प्रॅक्टिकल लांबलं की वडापाव. लायब्ररीतून येईपर्यंत मेस आवरलेली. आणि रविवारी रात्री तर सगळ्याच मेस बंद! मग मोबाइलवरूनच मागवायचं. स्वस्त पडतं असंही नाही.

ए-४०३ (आहारतज्ज्ञ): केस गळतात, दम लागतो म्हणून कॉलेजच्या मुली माझ्याकडे येतात. शाम्पू तीनदा बदललेला असतो, हिमोग्लोबिन एकदाही तपासलेलं नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय निघाला. त्यात जेवलं की लगेच चहा! त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२४ च्या सूचना सांगतात, जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको. त्यापेक्षा उसळीवर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं.

ए-२०५: ताई, आणि ते एनर्जी ड्रिंक? आमचा धाकटा सबमिशनच्या आठवड्यात त्याच्यावरच जगतो.

ए-४०३ (आहारतज्ज्ञ): २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन असू शकतं. दिवसाला ३०० च्या वर जाऊ नये म्हणतात. वर कोल्ड कॉफी आणि टपरीचा चहा धरा, आकडा गाठायला वेळ लागत नाही. झोप उडते, भूकही मरते. मग रात्री एकला पोटात कावळे ओरडतात आणि तुमचा वॉचमन वैतागतो.

बी-१०२ आजोबा: मग घरी करा की! कुकरला खिचडी लावायला किती वेळ लागतो?

सी-३०१ (विद्यार्थिनी): लावू की आजोबा. पण आमच्या करारातच लिहिलंय, स्वयंपाक करायचा नाही.

बी-५०४ काकू: हे बरंय! ओटा वापरायचा नाही, आणि बाहेरून मागवलं की ग्रुपवर बोंब. सी-३०१ चे मालक आहेत ना ग्रुपवर?

सी-३०१ (मालक, सध्या नाशिक): आहे. आधीच्या मुलांनी गॅस चालू ठेवून दार ओढून घेतलं होतं, म्हणून ती अट. उगाच नाही घातली.

ए-४०३ (आहारतज्ज्ञ): काका, गॅस नको तर इंडक्शन द्या. भिजवलेली मटकी, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, दही, केळी याला तर चूलही लागत नाही. सकाळी दोन उकडलेली अंडी खाल्ली तरी क्रीमरोलपेक्षा कितीतरी बरं.

सी-३०१ (मालक): ठीक आहे. इंडक्शन चालेल, वीजबिल त्यांचं.

सी-३०१ (विद्यार्थिनी): थँक्यू काका 🙏 अंडी चालतील?

सी-३०१ (मालक): चालतील. फक्त आमच्या हिला कळू देऊ नका.

सी-३०१ (मालकीणबाई): मी पण ग्रुपवर आहे.

सेक्रेटरी: अंड्याची टरफलं ओल्या कचऱ्यात टाकावीत. 🙏