मैदान नसलं तरी

"मैदानच नाही तर मुलं खेळणार कुठे?" शाळेतल्या खेळाची चर्चा निघाली की हा मुद्दा येतोच, पण मला तो अर्धाच पटतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत (२००९) मैदान आहेच, ते मागायलाच हवं. पण ठाण्या-नवी मुंबईत मैदान असलेल्या शाळांतही जून ते सप्टेंबर चिखलच असतो. मग पीटीचा तास कोण घेतं? गणिताच्या बाई, पोर्शन संपवायला!

या चर्चेत कोणी अजून बोललं नाही ते म्हणजे बूट. माझ्या मुलीच्या ऐरोलीतल्या शाळेत पीटीचा गणवेश आठवड्यातून दोनच दिवस. बाकीचे दिवस पिनाफोर आणि गुळगुळीत तळव्याचे काळे बूट. धावलं की घसरायचं, उडी मारली की फ्रॉक सावरायचा. त्यामुळे मुली मधल्या सुट्टीत कठड्याला टेकून डबा खात उभ्या. पालकसभेत बरीच घासाघीस झाली आणि रोज स्पोर्ट्स शूज, ट्रॅक पँट चालेल असं ठरलं. (शिस्त बिघडेल म्हणणारे होतेच, ते असतातच.) आता त्याच मुली कॉरिडॉरमध्ये खडूने चौकोन आखून लंगडी घालतात, पार्किंगच्या स्लॅबखाली दोरीच्या उड्या चालतात. ५ ते १७ वयासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून किमान ३ दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी. उड्या त्यातच मोडतात, आणि त्यांना मैदान लागत नाही. पुढच्या पालकसभेत मैदानासोबत बुटांचंही विचारा.